वही बाहेर, प्लॉटर आत

ताई, स.न.वि.वि.

मी मूळचा सांगलीचा. लहानपणी कवलापूरच्या ओसाड धावपट्टीवर सायकल दामटायचो. तिथं विमान एकदाही दिसलं नाही, पण वेड तिथलंच. आता वय ३९, डॅलसजवळ राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे. वर्षभरापासून शनिवार-रविवार प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी शिकतोय. सोलो, म्हणजे एकट्यानं उड्डाण, झालं. लेखी परीक्षेत मात्र ६० पैकी ३८ मिळाले आणि नापास झालो.

माझ्याकडे नव्वद पानांची वही आहे. रंगीत चिकट्या लावून प्रत्येक विषय शोधायला सोपा केलेला. घरी सराव परीक्षेत ८५-९० टक्के पडत होते. केंद्रात वही बाहेर, फोन बाहेर, टॅबलेट बाहेर. एक जुनाट दिसणारं तक्त्यांचं पुस्तक हातात दिलं आणि बसवलं. मी गांगरलोच. नोकरीत मी दिवसभर संदर्भ बघूनच काम करतो. कॉकपिटमध्येही चेकलिस्ट, विमानाचं मॅन्युअल, टॅबलेट सगळं जवळ असतं. मग इथंच पाठांतर कशाला? आणि या वयात पाठ तरी कसं होणार? एका मित्रानं सुचवलंय, ई-६बीच्या (उड्डाणाचे हिशेब करायच्या गोल चकतीच्या) मागच्या बाजूला बारीक अक्षरात सूत्रं लिहून ने, कोण बघतंय. बायको विचारते, 'पुन्हा दहावीला बसलास का?' काय करू?

— एक सांगलीकर

*

सांगलीकर,

पास व्हायला ७० टक्के लागतात, म्हणजे ६० पैकी ४२. तुम्ही चार प्रश्नांनी राहिलात. हे मुद्दाम आधी सांगते, कारण तुमच्या पत्राचा सूर चाळीस प्रश्नांनी राहिल्यासारखा आहे.

पत्र दोनदा वाचलं. माझं निदान असं, की तुमच्या स्मरणशक्तीला काही झालेलं नाही. तुम्ही एका पुस्तकावर सराव केलात आणि परीक्षा दुसऱ्या पुस्तकावर दिलीत. ते 'जुनाट दिसणारं तक्त्यांचं पुस्तक' तुम्ही केंद्रात पहिल्यांदा उघडलंत ना? ॲपमध्ये प्रश्नाशेजारी हवी तीच आकृती मोठी होऊन येते, खाली स्पष्टीकरण असतं आणि मांडीवर तुमची वही. त्या ८५-९० टक्क्यांतले किती तुमचे आणि किती वहीचे, हे तुम्हालाही माहीत नव्हतं. ते केंद्रात कळलं.

तुम्ही बारावीला विज्ञान शाखेत असाल तर आठवा. कॅल्क्युलेटर नाही, पण लॉग टेबल चालायचं. कुणाला त्याचा अन्याय वाटला नाही, कारण अकरावीपासून आपण लॉग टेबलवरच आकडेमोड करत होतो. अँटीलॉगचं पान कुठं सुरू होतं हे बोटांनाच ठाऊक असायचं. एखादा पोरगा त्याच लॉग टेबलच्या समासात पेन्सिलीनं सूत्रं लिहून आणायचा आणि भरारी पथक आलं की घामाघूम व्हायचा. (विमानाच्या परीक्षेला भरारी पथक नाही, हा मला कायमच शब्दाचा अपव्यय वाटत आलाय.) तुमच्या मित्राचा सल्ला म्हणजे तीच समासातली पेन्सिल आहे. तो विषय आधी निकालात काढू.

लिहून नेऊ नका. परवानगी नसलेलं साहित्य परीक्षेत वापरणं अमेरिकेच्या वैमानिक नियमांतल्या ६१.३७ या कलमात स्पष्ट मना आहे. सापडलात तर एक वर्ष कुठल्याही लायसन्सला, रेटिंगला किंवा परीक्षेला अर्ज करता येत नाही, आणि आधीचं काही प्रमाणपत्र असेल तर तेही निलंबित किंवा रद्द होऊ शकतं. विद्यार्थी पायलटचं प्रमाणपत्र तुमच्याकडे आहेच. चार प्रश्नांसाठी हा जुगार कुणी शहाणा खेळणार नाही.

यातली खरी गंमत तुमच्या मित्राला ठाऊक नाही. ई-६बीवर जे कंपनीनं छापलेलं आहे ते सगळं तुम्हाला वापरता येतं. सूत्रं, रूपांतरं, वापरायच्या सूचना, जे काही पुढं-मागं कायमचं कोरलेलं असेल ते. बंदी आहे ती तुमच्या हस्ताक्षराला. म्हणून दुकानात ई-६बी किंवा प्लॉटर (नकाशावर अंतर आणि दिशा मोजायची पट्टी) घेताना त्याची पाठ वाचून घ्या. काहींच्या पाठीवर बरंच काही असतं, काही अगदी कोरे असतात. चोरून लिहिण्यापेक्षा नीट निवडून विकत घेणं सोपं आहे आणि रात्री झोपही लागते.

मी स्वतः यात पोळले आहे, म्हणून एवढ्या तोऱ्यात सांगते. माझ्या लेखी परीक्षेच्या आधी सरावासाठी प्लॉटरच्या कडेला मार्करनं 'पू −, प +' असं लिहून ठेवलं होतं. पूर्वेकडचं चुंबकीय विचलन (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक) वजा, पश्चिमेकडचं अधिक. मनात काही काळंबेरं नव्हतं, विसरलेच होते. केंद्रातल्या बाईंनी प्लॉटर हातात घेतला, उलटा केला, आणि काही न बोलता मला रबर दिला. मार्कर रबरानं कसला जातोय. शेवटी त्यांनी माझा प्लॉटर खणात ठेवला आणि केंद्रातला दिला. तो ओरखड्यांनी इतका भरला होता, की अंश वाचताना डोळे ताणावे लागत होते. पास झाले, पण नकाशावरचे दोन प्रश्न तिथं गेले अशी माझी आजही खात्री आहे. तेव्हा निघण्याआधी सगळं साहित्य टेबलावर ठेवून परक्याच्या नजरेनं एकदा बघा.

बाकी काय चालतं ते थोडक्यात. पट्टी, कोनमापक, प्लॉटर, ई-६बी, साधा कॅल्क्युलेटर, कोरे लॉग-शीट. इलेक्ट्रॉनिक फ्लाइट कॉम्प्युटरही चालतो, पण पर्यवेक्षकासमोर त्याची मेमरी पुसावी लागते, परीक्षेआधी आणि नंतरही. ज्यात आधीच लिहिलेली माहिती साठवून परत काढता येते असं काही चालत नाही. त्या उपकरणाची माहितीपुस्तिकासुद्धा आत नेता येत नाही, म्हणून बटणं घरीच अंगवळणी पडायला हवीत. आणि आपल्यासारख्यांना टोचणारी एक बाब म्हणजे शब्दकोश चालत नाही. एखादी वस्तू आत न्यायची की नाही याचा शेवटचा निर्णय तिथल्या पर्यवेक्षकाचा असतो. वाद घालून उपयोग नाही. दोन दिवस आधी केंद्राला फोन करून विचारून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आता त्या जुनाट पुस्तकाकडे. त्याला सगळे नुसतं सप्लिमेंट म्हणतात. एफएए, म्हणजे अमेरिकेची विमान वाहतुकीची नियामक संस्था, ते आपल्या संकेतस्थळावर फुकट देते. उतरवून घ्या, आणि मुख्य म्हणजे कागदावर छापून घ्या. केंद्रात हीच आवृत्ती वापरतात ना, हेही त्याच फोनमध्ये विचारा. पुढचे तीन आठवडे दुसरं काही जवळ ठेवू नका. ॲपवर प्रश्न जरूर सोडवा, पण ॲपमधली आकृती उघडायची नाही. प्रश्न म्हणाला 'आकृती १२ पाहा', की हातानं पान उलटायचं. पहिले दोन दिवस चिडचिड होईल. आठवड्यानं हवामान कुठं, वजनाचे तक्ते कुठं, नकाशे कुठं हे पुस्तकाच्या जाडीवरून कळायला लागेल. लॉग टेबलसारखंच.

आणि सुरुवातीची पानं वाचा! निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना मी हे सांगितलंय आणि दर वेळी तोच आश्चर्यचकित चेहरा पाहिलाय. आकृत्या सुरू होण्याआधी पुस्तकात चिन्हांच्या खुणा दिलेल्या आहेत, सेक्शनल, म्हणजे वैमानिकांच्या नेहमीच्या नकाशाची संपूर्ण खूणसूची धरून. तुटक निळी रेघ कसली, सलग जांभळट-लाल वर्तुळ कसलं, पुसट कडेचा पट्टा म्हणजे काय, मनोऱ्याच्या उंचीचे दोन आकडे कुठले, हे सगळं तिथं आहे. तुमच्या वहीची यावर किती पानं खर्ची पडली आहेत, मोजा. उडताना ही चिन्हं ओळखता यायलाच हवीत, त्यात सूट नाही. पण परीक्षेच्या भीतीपोटी जे घोकताय ते तिथं तुमच्या पुढ्यात छापून ठेवलेलं असतं.

त्या पुस्तकात सापळेही आहेत. नकाशांचे तुकडे मूळ मापाला धरून छापलेले नसतात. तशी टीप नकाशावरच असते, आणि शेजारी दिलेली मोजपट्टी वापरा असंही लिहिलेलं असतं. तुम्ही सवयीनं प्लॉटरची सेक्शनलची बाजू लावलीत, की अंतर चुकलं, आणि तेच चुकीचं उत्तर तीन पर्यायांत ऐटीत बसलेलं असतं. पडद्यावरच्या नकाशाला तर प्लॉटर लावण्यात काहीच अर्थ नाही. मी शिकवते ते असं: कागदाची कड घ्या, त्यावर दोन ठिकाणांच्या खुणा करा, आणि ती कड उभ्या रेखावृत्तावर ठेवून अक्षांशाच्या मिनिटांत मोजा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. नकाशा लहान छापा, मोठा छापा, हे बदलत नाही. मिनिटं उभ्या रेघेवर मोजायची हे मात्र विसरू नका. आडव्या रेघेवर मोजलंत तर डॅलसच्या अक्षांशाला दर पाच मैलांमागे जवळजवळ एक मैल जास्त भरेल.

तक्त्यांचंही तसंच. धावपट्टी १८ (म्हणजे १८० अंश), वारा २२० अंशांवरून ३० नॉट, आडवा घटक किती? आलेख पुस्तकात आहे, पण आधी २२० मधून १८० वजा करून ४० अंशांची रेघ शोधायची हे आलेख सांगत नाही. उत्तर १९ नॉट. घाईत उभा-आडवा अक्ष उलटा वाचला की २३ येतं. तो समोरून येणारा घटक झाला, आणि तो आकडाही पर्यायांत दिसला तर नवल वाटून घेऊ नका. सप्लिमेंटवर लिहायचं नसतं. पानावर ठेवायला पारदर्शक प्लास्टिक आणि पेन मिळतं का ते विचारा, आलेखांवर रेघा ओढायला त्याची फार मदत होते.

मग डोक्यात काय ठेवायचं? वहीचं प्रत्येक पान उघडा आणि एकच प्रश्न विचारा: हे पुस्तकात किंवा ई-६बीवर छापलेलं आहे का? असेल तर पानावर आडवी रेघ. उरेल ते नव्या कागदावर उतरवा. माझा अंदाज, दोन पानं भरतील, फार तर तीन. त्यात काय असेल?

हवामानाची संक्षिप्त अक्षरं असतील, कारण मेटार (विमानतळाचं सध्याचं हवामान) आणि टाफ (तिथला अंदाज) यांचे नमुने पुस्तकात आहेत पण त्यांची किल्ली नाही. इथं मात्र मराठी माणसाची चैन आहे. यातली काही अक्षरं फ्रेंच शब्दांवरून आली आहेत, त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्यांना ती पाठच करावी लागतात. जीआर म्हणजे काय? गारा! आपल्याला घोकायची गरजच नाही. (शासनाचा जीआरही अंगावर पडतोच, पण तो वेगळा.) एफयू म्हणजे धूर: 'फू' करून सोडलेला. बीआर म्हणजे विरळ धुकं, एफजी म्हणजे दाट. बीआरला 'बारीक' म्हणा, झालं. 

वरच्या वाऱ्यांच्या अंदाजाचा तक्ता पुस्तकात आहे, त्याची उकल डोक्यात हवी. ९९०० म्हणजे वारा मंद आणि बदलता. दिशेचा आकडा ३६ च्या पुढं, पन्नाशीच्या घरात किंवा वर दिसला, की त्यातून ५० वजा करायचे आणि वेगात १०० मिळवायचे. म्हणजे ७३१९६० असं दिसलं तर वारा २३० अंशांवरून, वेग ११९ नॉट, तापमान उणे ६०. हे एकदा हातानं चार-पाच वेळा केलं की पाठ करावं लागत नाही.

वारा खऱ्या उत्तरेचा की चुंबकीय, यावर हमखास घोळ होतो. वाचलेला वारा खऱ्या उत्तरेचा, टॉवरकडून ऐकलेला चुंबकीय. आणि माझ्या प्लॉटरवरचं ते वाक्य, आता तुमच्या स्वाधीन: पूर्व वजा, पश्चिम जमा. खरा मार्ग ०९०, विचलन १० पूर्व, तर चुंबकीय ०८०. तुम्ही टेक्सासात उडता, तिथं विचलन पूर्वेकडचं आहे, म्हणजे तुमच्या रोजच्या उड्डाणात ही वजाबाकीच आहे.

ढगांपासूनची अंतरं डोक्यात हवीत. हवाई क्षेत्राचे अक्षरांनी ओळखले जाणारे वर्ग असतात; त्यांतल्या सी, डी आणि दहा हजार फुटांखालच्या ई मध्ये ३ मैल दृश्यमानता, ढगाच्या वर १,०००, खाली ५००, बाजूला २,००० फूट. बी मध्ये ३ मैल आणि ढगाबाहेर असलं की पुरे. दहा हजारांवर ई मध्ये ५ मैल, वर-खाली हजार हजार, बाजूला एक मैल. रात्रीच्या आणि जी वर्गाच्या नियमांना तुमच्या दोन पानांत एक कोपरा द्या. टॉवरच्या दिव्याचे संकेत हवेत. दारू आणि उड्डाण यांमधले ८ तास आणि रक्तातल्या अल्कोहोलची ०.०४ टक्क्यांची मर्यादा. प्रवासी नेण्यासाठी ९० दिवसांत ३ उड्डाणं-अवतरणं. ऑक्सिजनचे १२,५००, १४,००० आणि १५,००० फूट हे तीन टप्पे. गॅलनभर पेट्रोल ६ पौंड, हेही लिहून ठेवा, आपलं डोकं लिटर-किलोत चालतं. ढगांच्या पायथ्याचं सूत्र: तापमान आणि दवबिंदू यांतला फरक, सेल्सिअसमध्ये असेल तर भागिले अडीच, फॅरनहाइटमध्ये ४.४, उत्तर हजार फुटांत.

घनता-उंचीचा (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणाऱ्या उंचीचा) आलेख पुस्तकात आहे, तो वापरा. पण तपासणीसाठी एक ढोबळ हिशेब जवळ असू द्या. समजा धावपट्टीची उंची ८०० फूट, आल्टिमीटरला (उंचीमापकाला) लावायचा हवेचा दाब २९.७२ इंच, तापमान ३५. प्रमाण दाब २९.९२, म्हणजे ०.२० कमी, म्हणजे २०० फूट अधिक: दाब-उंची १,०००. त्या उंचीला प्रमाण तापमान १३ अंश, इथं २२ जास्त. प्रत्येक अंशाला १२० फूट, म्हणजे २,६४०. एकूण ३,६४०. आलेखातून पाच हजार आलं तर तुमचं बोट कुठंतरी शेजारच्या रेघेवर घसरलंय. जुलैतल्या टेक्सासात ८०० फुटांवरचं विमान साडेतीन हजार फुटांवर असल्यासारखं का कुंथतं, हेही यात आलं. सोलोच्या दिवशी तुम्ही ते अनुभवलंच असेल.

ही दोन पानं रोज सकाळी कोऱ्या कागदावर न बघता उतरवा. वाचायची नाहीत, लिहायची. पाढे असेच बसले होते ना? पहिल्या दिवशी भोकं पडतील. दहाव्या दिवशी सात-आठ मिनिटांत सगळं कागदावर येईल. याचा उपयोग असा, की केंद्रात कच्च्या कामाला कागद मिळतो. परीक्षा सुरू झाली, घड्याळ चालू झालं, की पहिला प्रश्न वाचण्याआधी सगळं त्या कागदावर उतरवून काढा. सुरू होण्याआधी पेन उचलू नका, उगाच कुणाला शंका नको. परीक्षा संपल्यावर तो कागद परत द्यायचा. पण मधल्या वेळात तुमची वही तुमच्यासमोर असते, आणि ती पूर्णपणे कायदेशीर असते, कारण ती डोक्यातून आत आली आहे. गांगरण्यावर मला याहून चांगला उतारा माहीत नाही.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. पुस्तकाची पानं उलटायला लावणारे प्रश्न खूण करून मागे ठेवा, बाकीचे आधी संपवा.

आता तुमचा तात्त्विक प्रश्न, 'इथंच पाठांतर कशाला'. अर्ध्यात तुमच्याशी सहमत आहे. कुठल्याशा अनामिक विमानाच्या आलेखावरून उड्डाणाचं अंतर काढणं हे काम पायलट झाल्यावर तुम्ही कधी करणार नाही. तुम्ही तुमच्या विमानाचं मॅन्युअल उघडाल, आणि तेच बरोबर आहे. नियमही तेच सांगतात: उड्डाणाआधी उपलब्ध असलेली सगळी माहिती करून घेणं ही पायलटची जबाबदारी आहे. तिथं आठवणीवर विसंबणारा माणूस मला शेजारच्या सीटवर नको.

दुसऱ्या अर्ध्यात मात्र नाही. टेक्सासच्या उन्हात काचेखाली ठेवलेला टॅबलेट तापून बंद पडतो, ते तुम्ही पाहिलं नसेल तर येत्या उन्हाळ्यात पाहाल. आणि हजार फुटांवर इंजिन गेलं तर तुमच्याकडे दीडएक मिनिट असतं. सेसना १७२ एसचा सर्वोत्तम ग्लाइडचा वेग ६८ नॉट हा आकडा त्या दीड मिनिटात चिकट्यांवरून शोधायचा नसतो. चेकलिस्ट तेव्हाही वाचायची, पण नाक खाली करून वेग धरल्यावर. कुठली गोष्ट शोधायची आणि कुठली तोंडपाठ हवी, ही वाटणी परीक्षा घालून देते. ती अचूक आहे असं मी म्हणणार नाही, पण अगदी वेडगळही नाही. तुमच्या नव्वद पानांत ही वाटणीच नव्हती. त्यात ऑक्सिजनचे नियम आणि नकाशाच्या खुणा एकाच रंगाच्या चिकटीखाली असणार, पैज लावते.

वयाचं म्हणाल तर मी पन्नाशी ओलांडलेल्यांना शिकवलंय. तरुण मुलं लवकर पाठ करतात आणि लवकर विसरतात. तुमच्या वयाच्या माणसाला 'का' कळलं की राहतं. गरम हवा विरळ का, विरळ हवेत पंख आणि पंखा दोन्ही कमी का ओढतात, हे समजलं की निम्मी सूत्रं आपोआप लक्षात राहतात. बायकोला सांगा, दहावीला प्रश्नपत्रिकेसोबत दिव्याचे रंग विचारत नव्हते. किंवा अधिक चांगलं म्हणजे ती दोन पानं तिच्या हातात द्या आणि रात्री जेवताना विचारायला सांगा. हसणारा माणूस परीक्षक म्हणून उत्तम असतो, तो भीड ठेवत नाही.

निकालाच्या कागदावर गुणांखाली काही संकेतांक आहेत, 'पीए' नं सुरू होणारे. तो कागद फेकू नका. प्रत्येक संकेतांक म्हणजे तुम्ही चुकलेला एक विषय. एफएएच्या प्रायव्हेट पायलटच्या मानकांत ते शोधा. पीए, मग रोमन एक, मग सी असेल तर हवामान. ई असेल तर हवाई क्षेत्रं, एफ असेल तर विमानाची कामगिरी आणि मर्यादा. बावीस चुका कुठं साठल्या आहेत ते बघा. माझा अंदाज, एफ आणि सी मध्ये ढीग असेल, कारण तेच प्रश्न सप्लिमेंट उलटायला लावतात. तसं असेल तर तुमची सगळी कथा त्या संकेतांकांत लिहिलेली आहे. आणि ढीग नियमांच्या किंवा विमानाच्या यंत्रणांच्या बाजूला निघाला, तर माझं निदान चुकलं असं समजा आणि आधी तो धडा पुन्हा करा.

पुन्हा बसायला तुमच्या प्रशिक्षकाकडून त्या विषयांची उजळणी आणि लॉगबुकात त्यांची नवीन एंडॉर्समेंट, म्हणजे सहीनिशी लेखी संमती, लागेल. फी पुन्हा भरावी लागेल, ती चडफडत भरा. प्रशिक्षकाला हा संकेतांकांचा कागद दाखवा आणि शेवटच्या आठवड्यात एकदा त्यांच्यासमोर, ॲप बंद ठेवून, फक्त छापलेलं सप्लिमेंट, प्लॉटर, ई-६बी आणि कोरा कागद घेऊन पूर्ण ६० प्रश्न सोडवा. पन्नास बरोबर आले तर तारीख घ्या. त्रेचाळीसवर घेऊ नका. पास झाल्यावर तो निकाल २४ महिने चालतो, तेवढ्यात प्रत्यक्ष परीक्षा द्यायची.

राहिली ती नव्वद पानांची वही. प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी उड्डाणाआधी परीक्षक तोंडी विचारतो, आणि तिथं विमानाचं मॅन्युअल, नियमांचं पुस्तक, नकाशे समोर ठेवून उत्तर शोधायला हरकत नसते. 'थांबा, पान काढून दाखवतो' म्हणणारा उमेदवार बऱ्याच परीक्षकांना आवडतो, फक्त दर प्रश्नाला तसं म्हणू नये. तुमच्या चिकट्या वहीवरून काढून नियमांच्या पुस्तकात लावायला सुरुवात करा. रंग तेच ठेवा, तुमच्या हाताला त्यांची सवय झाली आहे.

तुमची,
ताई